पॉवर एक्स्चेंजचं नातं आणि कोकणातला पत्ता: आपल्यासारखी माणसं शोधायची कुठे?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय प्रौढांचा आहे, पण रसभरीत वर्णनं नाहीत. त्या आशेने कुणी उघडला असेल तर आत्ताच परत फिरा.

मी आणि बायको, दोघंही चाळिशीच्या अलीकडे. रत्नागिरी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. माझी नोकरी, तिचा स्वतःचा व्यवसाय. आमच्यात एक ठरलेली व्यवस्था आहे, तिलाच पॉवर एक्स्चेंज म्हणतात: काही बाबतींत शब्द तिचा आणि तो मी पाळायचा. माझा खर्च, माझी संध्याकाळ, माझा फोन, आणि अर्थात दाराआडचंही बरंच काही. हे भांडणातून आलेलं नाही. मला हवं होतं, मी मागितलं, तिने भरपूर वेळ घेतला आणि मग स्वतःच्या अटींवर हो म्हणाली. बाहेरून बघाल तर आम्ही अगदी चारचौघांसारखे. गणपतीत आरतीला ताम्हण माझ्या हातात, शिरा तिच्या.

जोडीदार वगैरे शोधत नाही. बोलायला माणसं हवी आहेत. मुंबई-पुण्याला अशा लोकांच्या बैठका होतात म्हणे. पण चिपळूण ते सावंतवाडी या पट्ट्यात राहणाऱ्याने काय करायचं? इथे वाण्याकडे वेगळा साबण मागितला तरी "पाहुणे आलेत काय?" विचारतात. कुणाला अनुभव आहे का? कसे भेटलात, काय सांभाळलंत?

तिरफळ

आमच्याकडे ही व्यवस्था लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू आहे. फक्त मला कुणी विचारलं नव्हतं. हलकेच घ्या.

चोवीस_तास_सोलकढी

ताटाखालच्या मांजरांची संघटना निघत असेल तर खजिनदार व्हायला तयार आहे. हिशेब बायको ठेवेल.

गजालीतलो

अरे बाबा, हयसर कोण शिंकलो तरी बाजारात आयकाक येता, आणि तू बैठक भरवतंस? पॉपकॉर्न घेवन बसलंय.

सदाफुली

थट्टा झाली असेल तर थोडं कामाचं लिहिते. माहेर देवरुखकडचं, आता ठाण्यात असते. मुंबईतल्या मन्चला, म्हणजे तुम्ही म्हणता त्या बैठकांना, जाऊन-येऊन आहे.

मन्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाल दिव्याची खोली येते. प्रत्यक्षात हॉटेलातलं एक लांबलचक टेबल, जीन्स-कुर्त्यातली माणसं, कोल्ड कॉफी, आणि बिल वाटताना नेहमीचा घोळ. कुणी कुणाला हात लावत नाही, प्रात्यक्षिक तर अजिबातच नाही. १९९२ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात पालो अल्टोच्या एका बर्गरच्या दुकानात ही पद्धत पडली आणि जगभर जवळपास तशीच उचलली गेली. नव्या माणसाला चारचौघांत, उजेडात पारखता यावं, एवढ्याचसाठी.

बहुतेकांची सुरुवात फेटलाइफवरून होते. २००८ साली कॅनडात सुरू झालेली साइट आहे. डेटिंगची नाही, फेसबुकच्या वळणाची. गट असतात, कार्यक्रमांच्या नोंदी असतात. टोपणनाव आणि बिनचेहऱ्याचा फोटो यात तिथे कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे किंकी कलेक्टिव्ह नावाचा गट या विषयावर जागृतीचं काम करतो आणि त्यांचं बोलणं फिरून फिरून संमतीवर येतं. मन्चचे संयोजक आधी तुमच्याशी बोलून घेतात. एकट्या पुरुषाला चार प्रश्न जास्त पडतात. त्याचा राग मानून जे निघून जातात ते गेलेलेच बरे.

आता तुमचा पट्टा. तिथे उघड मन्च चालणं मला अवघड दिसतं. हॉटेलवाला तुमच्या मामाचा वर्गमित्र निघणार आणि वाढपी बायकोच्या मैत्रिणीचा भाऊ.

हापूस_५८

माझं वय आयडीत आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. नवरा-बायकोने आपसांत काय करायचं ते करावं, पण त्याची संघटना कशाला? आमच्या वेळी घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जात नसे. आणि मारहाण, आज्ञा, शिक्षा ही विकृतीच आहे. डॉक्टरला दाखवा, धागे कसले काढता?

शेवग्याची_शेंग

हापूसकाका, डॉक्टरच बोलतेय. मानसोपचारात काम करते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत एकेकाळी हे होतं, खरं आहे. अकराव्या आवृत्तीत ते नाही. मे २०१९ मध्ये ती मंजूर झाली, १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. संमती नसलेल्या व्यक्तीला यातना देणं हा विकार त्यात आहे. संमतीने दोन प्रौढांनी केलेलं काही त्यात बसत नाही. डेन्मार्कने तर १९९५ मध्येच आपल्या यादीतून हे काढलं होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या पुस्तिकेतही नुसती आवड वेगळी आणि विकार वेगळा धरलाय. त्या आवडीचा माणसाला स्वतःला जाच होत असेल, किंवा दुसऱ्यावर तिची जबरदस्ती होत असेल, तेव्हाच आम्ही विकार म्हणतो.

२०१३ मध्येच नेदरलँड्समध्ये अशा ९०२ जणांची इतर ४३४ जणांशी तुलना झाली होती. ही मंडळी मानसिकदृष्ट्या सर्वसाधारण लोकांइतकी किंवा त्यांच्यापेक्षा थोडी बरी निघाली. पण ऑनलाइन, आपणहून आलेल्या लोकांवरचा अभ्यास आहे, फार नाचू नये.

माझ्याकडे येतात त्यांना बहुतेकदा आवडीचा त्रास नसतो. ती कुणाला सांगता येत नाही, याचा असतो. त्या अर्थी धागाकर्त्याचा प्रश्न मला तब्येतीचाच वाटतो.

हापूस_५८

यादीतून नाव काढलं म्हणजे गोष्ट चांगली होते असं नाही. असो. माहितीबद्दल आभार.

उंबरठा_ओलांडून

मी वेगळ्या बाजूने बोलणार आहे आणि ते कुणाला आवडणार नाही.

महिलांच्या प्रश्नांवर काम करते, गावोगाव हिंडते. "ते सांगतात तसं वागते, मला चालतं" हे वाक्य मी किती स्वयंपाकघरांत ऐकलंय त्याला गणती नाही. ज्या देशात नव्या न्याय संहितेतही नवऱ्याने सज्ञान बायकोवर केलेला बलात्कार अपवाद म्हणून वगळलाय, तिथे "आज्ञापालन माझी आवड आहे" हे कुणी म्हटलं की माझे कान टवकारतात. धागाकर्ता पुरुष आहे. त्याला उद्या नको वाटलं तर सगळं गाव, सगळं घर, सगळा कायदा त्याच्या मागे उभा राहील. बाईने सोडलेली सत्ता तिला परत कोण देणार? पुरुषाने हौसेने वाकणं आणि बाईने वाकणं एकाच नावाखाली घालू नका.

तिरफळ

उंबरठाताईंना +१. आता माझा विनोद मलाच बरा वाटेना.

खाडीकाठ

उंबरठा_ओलांडून, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. माझ्यापुरतं सांगतो.

रविवारी रात्री जेवणं आटपली, मुलगा झोपला की आम्ही मागच्या पडवीत बसतो. दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर तिने ठरवलेलं, उजव्या पानावर मला जड गेलेलं किंवा तिला ओझं झालेलं. त्या अर्ध्या तासात कुणी वरचं नाही, कुणी खालचं नाही, चहा मात्र मी करतो. गेल्या पावसाळ्यात वडील आजारी होते, मुंबईच्या खेपा सुरू होत्या. तेव्हा खर्चाचा भाग तिनेच डाव्या पानावरून खोडून टाकला. म्हणाली, आत्ता तुला हे नकोय आणि मलाही. दिवाळीनंतर परत लिहिला, तोही विचारूनच. वही नसती तर आम्ही दोघंही "चालतंय" म्हणत ओढत राहिलो असतो.

बाकी तुम्ही म्हणता ते खरं आहे. मला नको झालं तर मी सहज उठून जाऊ शकतो.

वेंगुर्ल्याची

मग मी बोलायला हवं. मी बाई आहे, आणि माझ्या नात्यात शब्द त्याचा असतो.

उंबरठाताई, लग्नातून बाहेर पडल्यावर मी हे शोधलं. त्या लग्नात मला कुणी काही विचारत नव्हतं. या नात्यात इतकं विचारतात की कधीकधी वैताग येतो. काय चालेल, काय मुळीच नाही, कुठल्या दिवसांत नाही, दुखलं तर कसं कळवशील, नंतर काय लागेल. माझा पगार माझ्याच खात्यात, घर माझ्या नावावर, आणि गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये. या तीन गोष्टी नसत्या तर मी या वाटेला गेले नसते आणि दुसऱ्या बाईलाही जा म्हणणार नाही. तुमचा मुद्दा मी असा वाचते.

आता धोक्याचं, कारण धाग्यात अजून कुणी लिहिलेलं नाही. बाई आहे आणि सबमिसिव्ह, म्हणजे शब्द पाळणारी, आहे एवढं कळलं की पहिल्याच मेसेजात "गुडघ्यावर बस" लिहिणारे रोज भेटतात. ओळख नाही, पाळख नाही, स्वतःला मास्टर म्हणवतात. यांना मी सरळ ब्लॉक करते. हक्क मिळायच्या आधी जो गाजवतो त्याला या नात्यातलं काही कळत नाही. दुसरे गोड बोलणारे. आठवडाभर चौकशी, मग "विश्वास आहे ना, मग चेहऱ्यासकट फोटो पाठव". माझ्या मैत्रिणीने पाठवला. पुढे पैशाची मागणी, नाहीतर भावाला पाठवतो म्हणून धमकी. आम्ही पैसे दिले नाहीत, सगळे मेसेज जपून ठेवले आणि सायबरला तक्रार केली. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. फोटो पसरायची भीती असेल तर स्टॉप एनसीआयआय नावाची साइट आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा ठसा तयार होतो आणि सहभागी साइट्स त्यावरून तो अडवतात.

भेटायचं तर पहिली भेट दिवसा आणि आपल्या गावाबाहेर. मी पणजीला भेटले होते, कॅफेत. स्वतःच्या गाडीने गेले, मैत्रिणीकडे लोकेशन चालू ठेवलं, आणि परतायची वेळ आधीच सांगून टाकली. तो माणूस भला निघाला. पण भला आहे हे कळलं ते आधीच्या कुणाचं नाव त्याने न कचरता दिलं म्हणून. त्या बाईशी मी स्वतंत्र बोलले. "माझ्या आधीच्यांशी बोलू नकोस" म्हणणाऱ्याला तिथेच राम राम करावा.

चोवीस_तास_सोलकढी

वेंगुर्ल्याची, दंडवत. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध शंका. "थांब" म्हटलं की थांबायचं, मग सेफवर्ड, म्हणजे थांबवायचा ठरलेला शब्द, वेगळा कशाला?

सदाफुली

कारण काही जणांच्या खेळात "नको नको" हा खेळाचाच भाग असतो, आणि तो तसा आहे हे आधी ठरलेलं असतं. म्हणून एरवी तोंडात न येणारा शब्द घेतात. सगळ्यात सोपं म्हणजे सिग्नल: हिरवा चालू, पिवळा जरा हळू, लाल म्हणजे सगळं बंद. तोंड मोकळं नसेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा धरायचा, तो सोडला की थांबायचं. आणि सेफवर्ड असला तरी साधं "थांब" ऐकायची जबाबदारी सुटत नाही. शंका आली की थांबून विचारायचं.

भात_लावणी

आमचा सेफवर्ड "फणस" होता. मे महिन्यात आईने परड्यातून हाक मारली, "अरे फणस बघ, फणस!" आम्ही दोघं एकमेकांपासून चार हात लांब.

आता "लिफ्ट" आहे. आमच्या गावात एकही नाही.

चोवीस_तास_सोलकढी

मेलो. धाग्याचं शतक होणार.

कोर्टाची_पायरी

वकिली करतो, पण इथे सर्वसाधारण माहिती देतोय, सल्ला समजू नका.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिचं कलम २५, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं ८७, असं सांगतं: अठरा वर्षांवरच्या माणसाच्या संमतीने केलेलं कृत्य, ज्यात मृत्यू किंवा गंभीर दुखापत करायचा हेतू नाही आणि तशी शक्यता आहे हे माहीतही नाही, त्यातल्या इजेपुरता गुन्हा होत नाही. कायद्यात दिलेलं उदाहरण दोघांनी करमणूक म्हणून तलवारबाजी खेळायचं आहे. मेकॉलेच्या काळातलं हे उदाहरण अजून तसंच बसलंय.

गंभीर दुखापतीचा हेतू किंवा तशा शक्यतेची जाणीव असली की हे कलम कामाला येत नाही. हाड मोडलं, दात पडला, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या की ती गंभीर. पूर्वी हे वीस दिवस होते. कलम २८ ही वाचून ठेवा: भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली, किंवा आपण काय करतोय हे कळू नये इतक्या नशेत दिलेली संमती ही संमतीच नव्हे. दारूचा पेला आणि असले खेळ एकत्र नकोत, हे कायद्याच्या बाजूनेही खरं आहे. १९९३ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने संमतीने केलेल्या अशाच प्रकारात शिक्षा कायम ठेवल्या होत्या. तेव्हा "संमती होती" या एका शब्दावर विसंबू नये.

काही जण स्टँपपेपरवर मालक-दासाचा करार करतात. पैसे वाया. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ पुढे असला कागद टिकणार नाही. आपसांत उजळणी म्हणून वहीत लिहा, धागाकर्त्यासारखं. ती वही कुलपात ठेवा.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. वातावरण बदललंय. पण तुमच्या तालुक्याच्या ठाण्यातल्या हवालदारापर्यंत ते पोचलंय असं धरून चालू नका. आणि कुणी संमतीशिवाय खासगी अंगाचे फोटो काढले किंवा पसरवले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई कलम बाईला आणि पुरुषालाही लागू आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

उंबरठा_ओलांडून

वेंगुर्ल्याची, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. पगार, घर, किल्ली. मी ज्या बायकांबद्दल बोलते त्यांच्याकडे यातलं एकही नसतं, म्हणून माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही. घरात प्रत्यक्षात हिंसा चालू असताना तिला या नावाखाली झाकणारा कुणी भेटला तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक सगळ्यांनी लक्षात ठेवा, एवढं जोडते.

रापणकर

विषय दोरीचा निघाला की आमचा अधिकार. घरचा धंदा मच्छीमारीचा.

कुठल्या तरी व्हिडिओत बघून लोक नायलॉनची दोरी आणतात. ती घसरते, भार आला की गाठ आवळत जाते आणि जोरात ओढली तर कातडी भाजते. काथ्याचा सुंभ टोचतो. ज्यूटची चालते म्हणतात, पण आधी कुसळं काढून मऊ करावी लागते. आणि गाठ अशी हवी की एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. आमच्याकडे होडीवर कोयती हाताशी असते, कारण दोरी पायात अडकली तर गाठ सोडत बसायला वेळ नसतो. खोलीत पण कापायचं साधन हाताशी ठेवा.

तिरफळ

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आता हा वाक्प्रचार निर्मळ मनाने कसा वापरायचा?

शेवग्याची_शेंग

रापणकर, कात्री बोथट टोकाची हवी, कोयती नको! बाकी सगळं बरोबर.

पुढचं हसण्यावारी नेऊ नका. दंडाच्या बाहेरच्या बाजूने एक नस जाते, ती दबली तर मनगट लटकं पडतं आणि परत जागेवर यायला कधी कधी महिने लागतात. मुंग्या आल्या, बधिर वाटलं, अंगठा वर होईना, की लगेच सोडा. बांधलेल्या माणसाला एक मिनिटही एकटं ठेवू नका.

आणि गळा. गळा दाबण्याची "सुरक्षित" पद्धत नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते, मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर जाऊन काही दिवसांनी पक्षाघात होऊ शकतो, आणि बाहेर वळसुद्धा दिसत नाही. हल्ली अगदी तरुण मुलं हे साधं समजून करतात. तालुक्याच्या गावात रात्री दोन वाजता रुग्णवाहिका किती वेळात येते ते तुम्हाला माहीत आहे.

अर्धी_चड्डी_पूर्ण_माणूस

मी समलिंगी, रायगड जिल्ह्यातला. लहान गावात माणसं शोधायची विद्या आमच्याकडून शिका, आमचा जन्म त्यात गेला.

अ‍ॅपवर अंतर दिसतं ते आधी बंद करा. मुंबईत "आठशे मीटर" म्हणजे हजारो माणसं. आमच्या गावात आठशे मीटर म्हणजे पाटलांची वाडी किंवा पोस्ट, आणि पोस्टात एकच जण पस्तिशीच्या आतला. गणपती आणि शिमग्याला मात्र चमत्कार होतो. चाकरमानी उतरले की एरवी ओसाड असलेल्या अ‍ॅपवर जत्रा भरते. विसर्जन झालं की परत शुकशुकाट. त्या दिवसांत ओळखी करून घ्याव्यात, भेटी मात्र मुंबईलाच.

लॉजचं सांगायचं तर, अविवाहित जोडप्याने खोली घेण्यावर कायद्याने बंदी नाही, मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसं म्हटलंही होतं. पण स्थानिक पत्त्याचं आधार कार्ड बघितलं की मॅनेजरच्या भुवया वर जातात. आपल्या जिल्ह्यात घेऊच नका.

आणि खाडीकाठभाऊ, कुणी भेटलं तर एक नियम: त्याची ओळख ही त्याची ठेव. बाजारात दिसला तर त्याने आधी हाक मारल्याशिवाय ओळख दाखवायची नाही. आमच्यात हा नियम मोडणाऱ्याला परत कुणी चहाला बोलवत नाही.

मास्टर_आर_के

कोकणात कोणी सबमिसिव्ह मुलगी असेल तर संपर्क करा (नंबर काढून टाकला आहे)

संपादक

वरच्या प्रतिसादातला फोन नंबर काढला आहे, आयडी गोठवला आहे. संपर्क क्रमांक, गावाचं नेमकं नाव, कुणाची ओळख पटेल असा तपशील देऊ नये. धागा अठरा वर्षांवरील सभासदांसाठीच आहे.

वेंगुर्ल्याची

प्रात्यक्षिकाबद्दल आर. के. यांचे आभार.

हापूस_५८

सगळं वाचलं. पटलं असं म्हणणार नाही. पण एक प्रश्न मनापासून विचारतो. घरात मुलगा आहे म्हणता. त्याच्यापासून हे कसं ठेवता? मुलं वेडी नसतात.

खाडीकाठ

हापूसकाका, आतापर्यंतचा सगळ्यात अवघड प्रश्न. त्याला दिसतं ते एवढंच की बाबा दहाला फोन कपाटात ठेवतात आणि मोठी खरेदी आईला विचारून करतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही. बाकीचं दाराआड, तो आजीकडे असतो तेव्हा. त्याच्यासमोर हुकूम नाही, अपमान तर कधीच नाही. त्याने हो म्हटलेलं नाही, मग त्याला प्रेक्षक करणंही चूकच.

हापूस_५८

हे मात्र बरोबर केलंत.

खाडीकाठची_मालकीण

नवीन आयडी आहे. होय, तीच मी. धागा काढायच्या आधी त्याने मला विचारलं होतं, हे प्रथम नोंदवते. पण मूळ प्रश्न त्याने त्याच्या बाजूने लिहिलाय, माझी बाजू राहिली.

त्याला माणसं हवीत कारण त्याला आपण एकटे नाही हे बघायचंय. मला वेगळं हवंय. दोन माणसांचं ठरवत राहणं दमवणारं असतं. ऑफिसातून तो येतो, चपला काढतो आणि हलका होतो. मी दिवसभर कामगार, कच्चा माल आणि जीएसटी बघून आलेली असते, आणि घरी परत "सांग" म्हणून कुणी उभा. नव्वद टक्के वेळा आवडतं. उरलेल्या दहा टक्क्यांत मला वाटतं की आज मला कुणी विचारू नये, भात किती लावायचा तेसुद्धा. हे त्याला सांगितलं की तो चेहरा पाडतो, आणि मग त्याला सावरणंही माझ्याकडेच. शिक्षा दिल्यावर दुसऱ्या दिवशी मलाच कधी रडू येतं, त्याला नाही. इंटरनेटवर जिथे तिथे खालच्याची काळजी कशी घ्यावी ते सापडतं, वरच्या बाईची कुणी घ्यायची?

मला गट नको, टेबल नको. दुसरी एखादी बाई हवी, शक्यतो माझ्या वयाची, जिला मी विचारू शकेन की तुझं पण असं होतं का.

शेवग्याची_शेंग

होतं. तीव्र प्रसंगानंतर एक-दोन दिवसांनी मन उतरतं, ते दोन्ही बाजूंना होतं. झोप, पोटभर जेवण, आणि त्या दिवसापुरती सुट्टी सांगायचा हक्क तुमचाही. वहीत तिसरा रकाना घाला: या आठवड्यात वरच्याला काय लागलं. आणि चेहरा पाडणाऱ्याला वरणभात लावता येतो की नाही तेवढं बघा.

तिरफळ

खाडीकाठभाऊ, गेलात.

सदाफुली

मालकीणबाई, तुमचा प्रतिसाद वाचून मन्चचा सल्ला मागे ठेवते. माझी एक मैत्रीण आहे, पंचेचाळिशीची, तुमच्यासारखीच, घरात शब्द तिचा. ती कोल्हापूरला असते. तिला विचारून सांगते. कोल्हापूर यासाठी बरं की तुमच्याकडून आंबा घाटाने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं आणि अंबाबाईला जातो म्हटलं की घरात पुढचा प्रश्न येत नाही. हवं तर आधी फोनवर बोला, आवाज ऐकून माणूस थोडा कळतो. पटलं तरच भेटा.

खाडीकाठची_मालकीण

चालेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. तिने हो म्हटलं तर मीच तिचा नंबर घेईन, माझा आधी द्या. भेटलोच तर नवरा गाडी चालवायला येईल, पण दुसऱ्या टेबलावर बसेल. त्याला अजून सांगितलेलं नाही, इथे वाचेलच.

खाडीकाठ

वाचलं. मान्य.

चोवीस_तास_सोलकढी

खजिनदारपदाचा राजीनामा देतो. दुसऱ्या टेबलावर जागा असेल तर कळवा.

सदाफुली

व्यनि मिळाला. मैत्रीण हो म्हणाली, पण शनिवार-रविवार नको म्हणते, देवळाकडे गाड्या लावायला जागा नसते. मधला वार बघा, आणि घाटात पाऊस असेल तर सरळ रद्द करा, ती थांबेल.